गाडी चोरीला गेली आणि तुमच्या जीपीएस ट्रॅकरने कळवलंच नाही, त्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख
(ज्या टीमने हे डिव्हाइस आणि ऍप बनवलंय त्यांनाही हे पत्र दाखवा, कारण अर्ध्या गोष्टी त्यांच्यासाठीच आहेत)

विषय: बाईक चोरीच्या वेळी अलर्ट न येणं, चुकीचं लोकेशन दाखवणं आणि नंतर लोकेशन हिस्ट्री बंद करणं

नमस्कार,

माझी बाईक रात्री चोरीला गेली. सीटखाली तुमचा ट्रॅकर बसवलेला होता, तोही तुमच्याच माणसाने येऊन बसवलेला, प्लॅन चालू होता, ऍपला सगळ्या परमिशन दिलेल्या होत्या. तरी चोरी मला कळली ती सकाळी कामाला निघताना. चॅटवर बॉटला सांगून झालं, कॉल सेंटरला सांगून झालं, दर वेळी नवीन माणूस येतो आणि पहिल्यापासून सगळं विचारतो, म्हणून आता लेखी देतोय.

आधी अलर्टचं बोलतो. तुमच्या टेक्निकल माणसाने शेवटी कबूल केलं की गाडी बंद असली की डिव्हाइस बॅटरी वाचवायला स्लीप मोडमध्ये जातं आणि अलर्ट जातो तो इग्निशन ऑन झाल्यावर. अहो पण चोर इग्निशन ऑन करतोच कशाला? हँडल लॉक पायाने जोर लावून तोडतात, गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात आणि दुसऱ्या बाईकवरचा माणूस पाय लावून ढकलत नेतो, नाहीतर दोघं-तिघं मिळून उचलून सरळ टेम्पोत टाकतात. वायर डायरेक्ट करून गाडी चालू करायची तर ते नंतर, निवांत ठिकाणी. म्हणजे चोरी जशी खरोखर होते तशी झाली तर तुमचा अलर्ट येणारच नाही, अशीच त्याची रचना आहे. गाडी हलल्याचं ओळखणारा सेन्सर डिव्हाइसमध्ये आहे असं तुमच्याच बॉक्सवर छापलंय, मग त्या सेन्सरने डिव्हाइसला जागं का केलं नाही याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही. मेन बॅटरीची वायर कापल्याचा मेसेज मात्र आला होता, पण तो साध्या नोटिफिकेशनसारखा, आवाज नाही काही नाही, तुमच्याच ऑफरच्या जाहिरातींच्या खाली दबलेला. रात्री झोपलेल्या माणसाला उठवायचं असेल तर फोन करावा लागतो, आणि तो उचलेपर्यंत करावा लागतो.

दुसरं लोकेशन. सकाळी ऍप उघडलं तर नकाशावर एका घरावर बरोब्बर एक ठिपका. मी तो घेऊन पोलिसांकडे गेलो, त्यांनी लगेच दखल घेतली, माझ्यासोबत तिथे आले, आणि त्या घरातल्या लोकांना चोरीच्या गाडीबद्दल विचारलं. त्या बिचाऱ्यांचा काही संबंध नव्हता. नंतर कळलं की जीपीएसला जागा काढायला निदान चार सॅटेलाइट लागतात, गाडी बंद टेम्पोत किंवा बेसमेंटमध्ये असेल तर ते मिळत नाहीत, अशा वेळी डिव्हाइस मोबाईल टॉवरवरून अंदाज काढतं आणि त्यात शेकडो मीटरचा, कधी कधी किलोमीटरचा फरक पडतो. हे तंत्रज्ञानाचं आहे, मला मान्य आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार ही आहे की अंदाज असताना तुम्ही अंदाज म्हणून दाखवला नाही. एवढा मोठा गोल काढला असता तर पोलिसांनी आसपासचे पार्किंग, गोडाऊन बघितले असते. चोर बऱ्याचदा गाडी लगेच लांब नेत नाहीत, ट्रॅकरमागे कोणी येतंय का बघायला जवळच कुठेतरी लावून ठेवतात, आणि तिथून हलली की मग नंबर प्लेट बदलते, पार्ट सुटे होतात, आणि सुट्या पार्टना कोण ओळखणार. जे पहिले काही तास हातात होते ते आमचे त्या चुकीच्या दारात गेले. त्या घरच्यांना जो मनस्ताप झाला तो वेगळाच.

आणि त्याच दिवशी तुमच्या कॉल सेंटरवरून मला सांगण्यात आलं की "सर तुम्ही ऍपमध्ये लोकेशन बघून गाडी घेऊन या". हे वाक्य तुमच्या स्क्रिप्टमध्ये असेल तर आजच्या आज काढा! गाडी चोरणारी माणसं एकटी नसतात, त्यांच्याकडे हत्यारं असू शकतात, कुणी तरणा मुलगा रागाच्या भरात खरंच एकटा गेला तर काय होईल याचा विचार केलाय का कोणी. ग्राहकाला एकच सांगायला हवं, लांब थांबा, लाइव्ह लिंक पोलिसांना द्या. तशी लिंक पाठवायची सोय पण तुमच्या ऍपमध्ये नाही, मी स्क्रीनशॉट काढून पाठवत होतो.

चासी नंबर घेताना तुमच्या माणसाने शून्याच्या जागी ओ लिहिलं, मी सांगतोय तरी ऐकेना. १७ अक्षरी नंबरात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरतच नाहीत, १ आणि ० शी गोंधळ होऊ नये म्हणूनच. गाडीच्या सुरक्षेचा धंदा करणाऱ्या कंपनीत एवढं माहीत असायला पाहिजे, कारण एक अक्षर चुकलं तर सापडलेली गाडी माझी आहे हेच जुळणार नाही.

सगळ्यात जास्त संताप झाला तो पुढच्या गोष्टीचा. गाडी सापडलेली नाही, पोलिसांना मागच्या लोकेशनची नोंद हवी आहे, इन्शुरन्सवाल्यांनाही काहीतरी कागद हवाय, आणि मध्येच माझा प्लॅन संपला म्हणून तुम्ही हिस्ट्री बंद केली. रिन्यू करा मग दिसेल. गाडी गेलेल्या माणसाकडून त्याच गाडीच्या ट्रॅकरचे पैसे मागताय तुम्ही? शिवाय जुना डेटा काही काळाने आपोआप डिलीट होतो असं तुमच्या अटींमध्ये लिहिलंय, म्हणजे मी इथे भांडत बसलोय आणि तिकडे पुरावा पुसला जातोय.

लोक म्हणाले होते एअरटॅग (ऍपल कंपनीचा छोटा टॅग) टाक, स्वस्तात काम होईल. पण तो वस्तू शोधायला बनवलाय, अनोळखी टॅग सोबत फिरतोय अशी सूचना चोराच्याच फोनवर जाऊ शकते, म्हणून मी विचार करून, जास्त पैसे देऊन तुमचा ट्रॅकर घेतला. माझ्या गाडीला इमोबिलायझर (योग्य चावीशिवाय इंजिन चालू होऊ न देणारी सोय) नाही, डिस्क लॉक होतं, त्याच्या जोडीला हा होता. त्या गाडीवर माझं रोजचं काम चालतं. अजूनही रस्त्यात त्याच रंगाची गाडी दिसली की मी वळून बघतो, टाकीवरचा ओरखडा आहे का म्हणून, घरचे म्हणतात सोडून दे आता, पण सुटत नाही.

तर मला हे हवंय. डिव्हाइस बसवल्यापासूनची पूर्ण लोकेशन हिस्ट्री आणि वायर कापल्याची नोंद, वेळेसकट, कंपनीच्या सहीशिक्क्याने, मला आणि तपास करणाऱ्या पोलिसांना द्या, आणि केस चालू आहे तोवर त्यातलं काही डिलीट करू नका. डिव्हाइसची सर्व्हिस फुकट चालू ठेवा, कारण आतली छोटी बॅटरी संपलेली असली तरी कोणी ते परत वायरला जोडलं तर ते पुन्हा सिग्नल देऊ शकतं. डिव्हाइसचे आणि प्लॅनचे पैसे परत करा. आणि बाकीच्या ग्राहकांसाठी, गाडी नुसती हलली तरी फोन जाईल असं करा, चोरीच्या कॉलसाठी रात्रीसुद्धा माणूस बसवा, आणि हे होईपर्यंत जाहिरातीतलं "चोरी अशक्य" हे काढून टाका.

डिव्हाइसचा आयएमईआय (ओळख क्रमांक), चासी नंबर, बिल, पोलीस तक्रारीची प्रत आणि चॅटचे स्क्रीनशॉट सोबत जोडलेत. उत्तर लेखी द्या, फोनवर नको. हिस्ट्रीचं काम आधी करा, पैशांचं नंतर केलंत तरी चालेल.

आपला,
एक ग्राहक