टेलिफोनवाल्या काकांना, खानापूरहून

आदरणीय काका,
शिरसाष्टांग नमस्कार.

समोर येऊन आभार मानावेत तर तुम्ही "असू दे गं, चहा ठेव" म्हणून विषयच बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. आमच्या घरी रोज संध्याकाळी नेट अडायचं जे दुखणं होतं तेच खानापुरात आणि बेळगावात अनेकांच्या तोंडून ऐकते, आणि बहुतेक जण शेवटी नवा राउटर आणतात. तुम्ही आमचा तो खर्च वाचवलात. पण आभार मुख्यतः तुमच्या तपासण्याच्या पद्धतीबद्दल आहेत.

माझं काम तुम्हाला माहीत आहे. शेतजमिनीचे उतारे काढून द्यायचे, पोरांचे स्कॉलरशिपचे अर्ज भरायचे, लाईटबिलं भरायची. माणसं कामावरून सुटली की संध्याकाळी येतात आणि नेमकं तेव्हाच पान उघडेना. जांबोटीकडचा माणूस गाडीची वेळ बघत समोर बसलेला, आणि पडद्यावर नुसतं चक्र फिरतंय. सकाळी मात्र सगळं चालायचं, फक्त प्रत्येक नवं पान उघडण्याआधी जरा थबकायचं. तक्रार केली की कंपनीचा मुलगा सकाळी यायचा, स्पीड मोजायचा आणि लाईन चांगली आहे म्हणून जायचा. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

तुम्ही सकाळी यायला साफ नकार दिलात. "बिघडतं तेव्हा हाक मार, तेव्हाच बघायचं." आणि आलात ते हातात काही न घेता. घरातले सगळे काय काय बंद आहे ते एकदम सांगायला लागले, तेव्हा तुम्ही हात वर केलात. "दम धरा की. नेट गेलंय म्हणता, मग व्हॉट्सॲप कसं यायलंय?"

खरंच येत होतं. टीव्हीवर आधी लावलेला व्हिडिओ चालू होता. फायबरच्या डब्यावर लाल दिवा नव्हता. फक्त नवीन काही उघडायला गेलं की अडत होतं.

मग लॅपटॉपवर काळी खिडकी उघडून तुम्ही ८.८.८.८ या आकडी पत्त्याला पिंग केलंत, म्हणजे तिकडून उत्तर येतं का ते बघितलंत. एकामागून एक ओळी उत्तर घेऊन आल्या, एकही चुकली नाही. तेच गूगलचं नाव टाकून केलं तर लॅपटॉप म्हणतो, असा कुणी सापडत नाही. तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "लाईन ठणठणीत हाय. १९७ वर फोन करून नंबर विचारायचो ना, तो नंबर सांगणाराच जागेवर नाही." डीएनएस म्हणजे साईटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारी व्यवस्था, हे मला त्या एका वाक्यात कळलं. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी ही व्यवस्था आखण्याआधी सगळ्या यंत्रांची नावं एकाच फाईलमध्ये असायची, हेही तुम्ही सांगितलंत. नोकरीतून निवृत्त होऊनही हे सगळं वाचत राहता, याचं मला फार कौतुक वाटतं.

राउटरमध्ये दोन डीएनएस पत्ते हातानं भरलेले निघाले. पहिला आमच्या जुन्या कंपनीचा. एनएसलुकअप ही आज्ञा देऊन त्याला साईटचं नाव विचारलं तर त्याच्याकडून काहीच उत्तर नाही. दुसरा आताच्या कंपनीचा, तो कधी उत्तर द्यायचा, कधी गप्प. म्हणजे दिवसभर प्रत्येक यंत्र आधी मेलेल्या पत्त्याकडे जायचं, तिथं थोडं ताटकळून दुसऱ्याकडे वळायचं. संध्याकाळी दुसराही गुदमरला की सगळंच ठप्प. ज्यांचे पत्ते आधीच मिळालेले, ते मात्र चालू राहायचं. राउटर बंद करून चालू केल्यावर कधी कधी नेट का यायचं, तेही उलगडलं. तेवढ्या वेळात तो दुसरा सर्व्हर आपोआप शुद्धीवर यायचा आणि श्रेय आम्ही राउटरला द्यायचो.

बदलण्याआधी जुने आकडे तुम्ही माझ्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवायला लावलेत. मग पहिला क्लाउडफ्लेअर कंपनीचा १.१.१.१ आणि दुसरा गूगलचा ८.८.८.८ केलात. लॅपटॉपवर आयपीकॉन्फिग या आज्ञेनं आधी साठवलेले साईटचे पत्ते पुसलेत आणि प्रत्येक फोनचं वायफाय बंद करून परत जोडायला लावलंत, कारण राउटरनं आधी दिलेले पत्ते यंत्रं काही काळ धरून ठेवतात. राउटरचा पासवर्ड डब्याखालच्या चिठ्ठीवरचाच होता, तोही जाता जाता बदललात.

आणि एक गोष्ट तुम्ही लपवली नाहीत, ती मला सगळ्यात मोलाची वाटली. ज्याच्या डीएनएसला आपण विचारतो, त्याला आपण कुठल्या कुठल्या साईटचं नाव विचारलं ते दिसू शकतं. "फुकट आहे म्हणून डोळे झाकून लावू नको, कुणाला विचारतोय ते माहीत असू दे," म्हणालात. नेट दुरुस्त करायला आलेल्या दुसऱ्या कुणी मला हे कधी सांगितलं नव्हतं.

आता शेजारी कुणी नेट गेलं म्हणून आलं, की मी आधी डब्यावरचा दिवा बघायला सांगते. पावसात आपल्या तालुक्यात फांदी पडून वायर तुटायला वेळ लागत नाही, आणि लाल दिवा असेल तर डीएनएस बदलून काही उपयोग नाही, थेट कंपनीलाच फोन. दिवा ठीक असेल तर पिंग, आणि काही बदलण्याआधी जुने आकडे वहीत. परवा विद्यानगरातल्या एका मावशींच्या घरचं याच वाटेनं सापडलं. फोननं साईटची नावं कुणाला विचारायची ते ठरवणारी प्रायव्हेट डीएनएस नावाची सेटिंग असते, त्यांच्या फोनमध्ये तिथं कुणीतरी भलतंच नाव भरून ठेवलं होतं. ते ऑटोमॅटिकवर आणलं आणि चालू झालं.

एक विनंती आहे. गल्लीतली कॉलेजची पोरं हे शिकायचं म्हणून माझ्या मागे लागली आहेत, आणि मला येतं ते तुमच्याकडून ऐकलेलं तेवढंच. रविवारी संध्याकाळी आमच्याकडे बसाल का? लॅपटॉप आणि वही तयार ठेवते. काकूंनाही घेऊन या, आई त्यांची वाट बघतेय.

तुमच्या मागच्या गल्लीतली,
उतारेवाली