ओळखीची वाटणारी चाल उचललेलीच असते असे नाही

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पंधरा दिवसांपूर्वी एका वाचकाचे पत्र प्रसिद्ध झाले. कधीही न ऐकलेले, फारसे कुणाला ठाऊक नसलेले जॅझचे एक ध्वनिमुद्रण ऐकताना ती चाल आपल्याला लहानपणापासून पाठ असल्यासारखी वाटली, त्याअर्थी आपल्या चित्रपट-संगीतकारांनी ती उचललेली असली पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांचा अनुभव खरा आहे. तो मलाही आला आहे. निष्कर्ष मात्र मला मान्य नाही, आणि तो घाईने काढल्यामुळे काही माणसांवर अन्याय होतो असे वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी ठाण्यात नौपाड्यात राहतो. बँकेतली नोकरी सांभाळून चाळीस वर्षे संगीत नाटकांना आणि भावगीतांच्या कार्यक्रमांना मी पेटीची साथ केली. जॅझचा मी अभ्यासक नाही. पण गाणारा काय गातो आहे यापेक्षा तो कशावर उभा राहून गातो आहे हे आधी ओळखणे हेच साथीदाराचे काम असते, आणि तेवढ्याच अधिकारावर मी बोलत आहे.

गेल्या वर्षी श्रावणातल्या एका संध्याकाळी माझी नात तिच्या कीबोर्डच्या क्लासमधून एक ध्वनिमुद्रण घेऊन आली. सॅक्सोफोन, पियानो, बास आणि ड्रम, एवढाच मेळ. चाल कुणाची आणि वादक कोण हे तिलाही ठाऊक नव्हते. मिनिटभर ऐकल्यावर मी म्हणालो, ‘ही मी ऐकलेली आहे.’ कुठे ऐकली, ते मात्र काही केल्या सांगता येईना. दोन दिवस मी नाट्यपदे, जुनी चित्रपटगीते, रेडिओ सिलोनवर ऐकलेले सगळे मनातल्या मनात वाजवून पाहिले, तरी सॅक्सोफोनची चाल त्यांतल्या एकाशीही जुळेना. शेवटी नात म्हणाली, ‘आजोबा, वरची चाल सोडून द्या. बास काय वाजवतोय तेवढं पेटीवर धरून बघा ना.’ मी खर्जातले ते सूर धरले. सा, ध, रे, प. पुन्हा सा, ध, रे, प. प्रत्येक सुराला दोन मात्रा. मग मध्यमाकडे एक वळण आणि परत षड्ज. हे सगळे दोनदा झाल्यावर मधला भाग आला, त्यात गंधार, धैवत, ऋषभ आणि पंचम यांच्यावर क्रमाने आठ-आठ मात्रांचा मुक्काम, आणि तिथून पुन्हा पहिला भाग. एवढ्यात मुलगा कामावरून आला आणि चपला काढता काढताच त्या सुरांवर गुणगुणू लागला. तो जे गुणगुणत होता ते ‘द फ्लिंटस्टोन्स’ या कार्टून मालिकेचे शीर्षकगीत होते. नव्वदच्या दशकात तो ही मालिका केबलवर पाहत असे, आणि शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसलेल्या माझ्या कानांवर, माझे लक्षही नसताना, ते गीत कितीतरी वेळा पडले होते.

त्या शीर्षकगीतात आणि सॅक्सोफोनच्या चालीत एकही ओळ समान नाही. दोन्ही उभ्या आहेत त्या अमेरिकन संगीतकार जॉर्ज गर्श्विन यांच्या ‘आय गॉट ऱ्हिदम’ या गाण्याच्या कॉर्डच्या, म्हणजे चालीखाली एकत्र वाजणाऱ्या स्वरगुच्छांच्या, क्रमावर. हे गाणे १९३० साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आलेल्या ‘गर्ल क्रेझी’ या संगीतिकेतले. मूळ गाणे ३४ बारांचे; शेवटचे दोन जास्तीचे बार जॅझवाल्यांनी गाळले आणि आठ-आठ बारांचे चार भाग, म्हणजे एकूण ३२ बार ठेवले. एका बारात चार मात्रा धरल्या तर १२८ मात्रा होतात, म्हणजे आपल्या तीनतालाची नेमकी आठ आवर्तने. या सांगाड्याला जॅझमध्ये ‘ऱ्हिदम चेंजेस’ असेच नाव पडले आहे आणि त्यावर बांधलेल्या चाली मोजता येणार नाहीत इतक्या आहेत: लेस्टर यंग यांची १९३९ ची ‘लेस्टर लीप्स इन’, ड्यूक एलिंग्टन यांची १९४० ची ‘कॉटन टेल’, सॉनी रोलिन्स यांची १९५४ ची ‘ओलिओ’. मधल्या भागातले सूर नीट पाहिले तर गंधारापासून धैवत, धैवतापासून ऋषभ, ऋषभापासून पंचम आणि पंचमापासून पुन्हा षड्ज, अशी प्रत्येक पायरी षड्ज-मध्यम भावाची आहे. एक पाऊल पडले की पुढचे कुठे पडणार हे कानाला आपोआप कळते. माझे नेमके हेच झाले होते. चाल मी कधीच ऐकली नव्हती. पुढचा सूर कुठे उतरणार हे मला आधी कळत होते, आणि ते आधी कळणे यालाच मी ओळख समजलो.

असे सांगाडे जॅझमध्ये चोरून वापरले गेलेले नाहीत. १९४० च्या दशकात सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर आणि त्यांच्या बरोबरीच्या वादकांनी ती उघडपणे आपली रीतच केली. ‘हाउ हाय द मून’ या १९४० च्या गाण्याच्या कॉर्डवर ‘ऑर्निथॉलॉजी’ आली. रे नोबल यांच्या १९३८ च्या ‘चेरोकी’वर पार्कर यांची ‘को-को’ आली. नोव्हेंबर १९४५ मध्ये ‘को-को’चे ध्वनिमुद्रण झाले तेव्हा वादकांनी पहिल्या प्रयत्नात ‘चेरोकी’ची मूळ चालच वाजवायला घेतली आणि त्यांना मध्येच थांबवण्यात आले, तो अर्धवट तुकडा आजही ऐकायला मिळतो. यामागे व्यवहारही होता. गाण्याच्या चालीवर मालकी सांगता येत असे, तिच्या वापराचे पैसे द्यावे लागत. कॉर्डच्या क्रमावर तशी मालकी कुणी सांगत नसे. पण केवळ पैसे वाचवण्यासाठी हे झाले असे मला वाटत नाही. रात्रभर एकत्र वाजवणाऱ्या, कधी कधी एकमेकांना त्याच दिवशी प्रथम भेटलेल्या माणसांना उभे राहायला सगळ्यांची एक सामाईक जमीन लागते. आपल्याकडे बंदिश ठाऊक नसली तरी राग आणि ताल सांगितला की साथीदार बसतो, तसेच हे आहे.

मराठी वाचकाला तर याचे नवल वाटायलाच नको. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले तेव्हापासून आपल्या नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून, ते पद कोणत्या प्रसिद्ध गाण्याच्या वळणाने म्हणायचे हे सांगण्याचा प्रघात आहे. साकी, दिंडी, ओवी यांच्या चाली तर सगळ्यांच्याच. १९१६ साली ‘स्वयंवर’ नाटकासाठी भास्करबुवा बखल्यांनी ख्यालातल्या बंदिशींच्या आधाराने पदे बांधली आणि त्या पदांना बालगंधर्वांच्या गळ्यात जे रूप आले ते मूळ बंदिशींनाही नव्हते. भास्करबुवांनी चोरी केली असे म्हणण्याचे धाडस कुणी करील का? उलट कशावरून काय बांधले हे सांगणे ही आपल्याकडे परंपरेची खूण मानली गेली. फरक एवढाच की आपण चालच्या चाल घेत होतो आणि ती कुठली हे छापत होतो. पार्कर यांनी चाल सोडली, खालची जमीन ठेवली, आणि नाव नवे दिले. म्हणून ऐकणाऱ्याला ओळख पटते, पण ती कुणाशी हे सांगता येत नाही.

जॅझच्या काही चाली आपल्या कानाला जवळच्या वाटतात त्याचे आणखी एक कारण आहे आणि ते मला फार मोलाचे वाटते. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांनी १९५९ साली ‘काइंड ऑफ ब्लू’ ही तबकडी केली. तिच्यातल्या पहिल्या ‘सो व्हॉट’ या रचनेत कॉर्डची धावपळ जवळजवळ नाहीच. पहिले १६ बार एकच स्वरसप्तक, पुढचे आठ बार तेच अर्ध्या स्वराने वर, आणि शेवटचे आठ पुन्हा मूळ जागी. पाश्चात्त्य लोक त्या सप्तकाला ‘डोरियन’ म्हणतात. गंधार आणि निषाद कोमल, बाकी सगळे शुद्ध. म्हणजे आपला काफी थाट. ब्लूजमध्ये, म्हणजे जॅझ ज्यातून वाढला त्या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यात, वारंवार येणारी पाच स्वरांची मांडणी, सा, कोमल ग, म, प, कोमल नी, ही तर भीमपलासचा आरोह आहे. भीमपलास, बागेश्री, पिलू यांत वाढलेल्या माणसाला अशा चाली परक्या वाटतीलच कशा? कुणी कुणाकडून घेतले हा प्रश्नच इथे उद्भवत नाही. रागाची चलनाची शिस्त वेगळी, ब्लूजची वेगळी, आणि दोहोंना एक म्हणणे मला मुळीच मान्य नाही. पण स्वर तेच असले की कान आधी घरचा माणूस आल्यासारखा उठून बसतो आणि मग पाहतो कोण आले आहे.

आता आपल्या चित्रपट-संगीताकडे येतो, कारण त्या वाचकांचा रोख तिकडे होता. जॅझ मुंबईत चोरवाटेने आलेला नाही. १९३५ साली अमेरिकेतल्या लिऑन अॅबी यांचा वाद्यमेळ मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला, त्यांच्यामागून पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले, आणि त्यांच्याशेजारी बसून गोव्याच्या वादकांनी ही विद्या आत्मसात केली. चर्चच्या शाळांत लहानपणीच स्वरलिपी शिकलेले हे वादक कागदावरून वाजवू शकत. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलांतली कामे आटली आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत त्यांची संख्या आणखी वाढली. पुणतांब्यात जन्मलेले आपले सी. रामचंद्र आणि ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांनी मिळून १९५१ च्या ‘अलबेला’त जे केले ते सर्वांनी ऐकले आहे. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांच्या मागे वाद्यमेळ बांधून देणारे सेबॅस्टियन डिसोझा होते. अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवले. मुकेशच्या किंवा लताबाईंच्या ओळी संपल्यावर मधल्या जागेत जे वाजते, ट्रम्पेटच्या तोंडाला टोपी लावून काढलेला तो दबलेला आवाज, ब्रशने घासलेला ड्रम, चालता बास, ते या माणसांचे होते. आपण लहानपणी धून पाठ केली असे आपल्याला वाटते. पण तिच्याबरोबर हा सगळा नाद आपल्यात मुरलेला असतो. माणसाला ओळखीच्या गाण्याचा २०० मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या हिश्शाचा तुकडा ऐकवला तरी यादीतून ते गाणे निवडता येते, असे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले. एवढ्या वेळात चाल कसली उलगडणार? ओळखला जातो तो नाद. म्हणून एखाद्या अज्ञात जॅझवादकाचा ट्रम्पेट आपल्याला जुन्या गाण्यासारखा वाटला, तर दोघांची चाल एक आहे असे त्यावरून ठरत नाही.

खरोखर चाल घेतल्याची उदाहरणे आहेत, हे मी नाकारत नाही. जॉर्ज हॅरिसन यांच्या १९७० च्या ‘माय स्वीट लॉर्ड’ या गाण्याबाबत अमेरिकेतल्या न्यायालयाने १९७६ साली निकाल दिला की त्यात १९६३ च्या ‘ही इज सो फाइन’ या गाण्याची चाल आली आहे, जाणूनबुजून नव्हे तरी नकळत. मात्र तिथे स्वरवाक्ये एकासमोर एक मांडून दाखवली गेली, ती किती वेळा आणि कोणत्या क्रमाने येतात हे तपासले गेले. केवळ ‘ऐकल्यासारखे वाटते’ एवढ्यावर कुणाला दोषी धरले गेले नाही. आपल्या हिंदी आणि मराठी गाण्यांतही जिथे चाल उचललेली आहे तिथे ती अशीच समोर मांडावी. त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

माझे बालपण चरईत गेले. आमच्या शेजारी एक गोवेकर अंकल राहत. सकाळी हातात व्हायोलिनची पेटी घेऊन ते लोकलने ताडदेवच्या स्टुडिओत जात आणि रात्री उशिरा परत येत. नाताळात तलावपाळीजवळच्या चर्चमधून आल्यावर ते व्हरांड्यात बसून जे वाजवीत त्यात मी पहिल्यांदा ते सा, ध, रे, प ऐकले असावेत, असे आता त्या संध्याकाळनंतर मला वाटू लागले आहे. ते ज्या गाण्यांत वाजले ती आजही रोज कुठे ना कुठे लागतात. पडद्यावर त्यांचे नाव कधी आले नाही. त्यांच्या आयुष्यभराच्या कामाला आज कुणी सहज ‘उचलेगिरी’ म्हणून मोकळा होतो, तेव्हा मला फार वाईट वाटते.

म्हणून आपल्याला दोन विनंत्या करतो. एखादी चाल दुसरीवरून घेतली आहे असा दावा करणारे पत्र किंवा लेख आपल्याकडे आला, तर नेमकी कोणती ओळ, गाण्यात कुठे, आणि साम्य सुरावटीत आहे की खालच्या कॉर्डमध्ये की वाद्यांच्या नादात, एवढे लिहून मागावे. स्वर सरगमात दिले तरी आमच्यासारखे वाचक ते घरी पेटीवर पडताळून पाहतील. आणि आपल्या पुरवणीत जुन्या गाण्यांवर लेख येतात तेव्हा गीतकार, संगीतकार आणि गायक यांच्याबरोबर संगीत संयोजकाचे आणि ठाऊक असतील तिथे वादकांचेही नाव छापावे.

आपला नम्र,
पेटीचा एक साथीदार,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)