मेलेला घोडा, वाहिलेला घोडा

ऑस्लो,
२ फेब्रुवारी

ती. आप्पांना शिरसाष्टांग नमस्कार.

खानापूरकडं म्हातारा बैल गेला की मीठ घालून शेतातच पुरतात, मग उत्खननात घोड्याची हाडं सापडली की लगेच घोडा वाहिल्याचा ‘विधी’ कसा म्हणता, असं तुम्ही फोनवर विचारलंत. प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी हाडं घोड्याचीच ना, हे बघतात. बैलाच्या वरच्या जबड्याला पुढचे दात नसतात, घोड्याला असतात. बैलाच्या पायाच्या नळीवर (गुडघ्याखालच्या लांब हाडावर) उभी खाच असते आणि खालचं टोक दुभंगलेलं. घोड्याची नळी एकसंध, तिच्या मागं दोन सुईसारखी हाडं. घाईनं उकरलं की नेमकी हीच हरवतात. म्हणून हाडाजवळ लोखंड न नेता बांबूची काडी आणि ब्रश वापरतात.

मग वय. पुढच्या पक्क्या दातांची मधली जोडी अडीच वर्षांनी येते, शेजारची साडेतीन, कडेची साडेचार. सुळे बहुधा नरालाच. पुढच्या पायाच्या नळीची बाहेरच्या अंगाची लांबी ६.४१ ने गुणली की खांद्यापर्यंतची उंची मिळते: २२ सेंटिमीटरची नळी, म्हणजे सुमारे १४१ सेंटिमीटरचा घोडा. खालच्या पहिल्या दाढेची पुढची कड ३ मिलिमीटर किंवा जास्त झिजलेली असेल, तर तोंडात लगाम होता असं मानतात. पण कोवळ्या घोड्यात किंवा वाकड्या दातांत ही खूण फसवते.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथून पुढं आहे. थकून मेलेला बैल एकटा पुरला जातो. सैबेरियातल्या अल्ताई डोंगरात, पाझिरिकच्या गोठलेल्या थडग्यांत (१९२९ आणि १९४७-४९ चं उत्खनन) पहिल्याच टेकाडात १० घोडे खोगिरांसकट निघाले, कपाळावर टोकदार कुऱ्हाडीचा घाव. एकाला हरणाच्या शिंगांचा मुखवटाही होता. इंग्लंडमधल्या सटन हूला १९९१ साली एका तरुणाच्या थडग्याशेजारी वेगळ्या खड्ड्यात घोडा मिळाला, त्याचा लगाम मात्र तरुणाच्या शवपेटीजवळ. अशी मांडणी कुणी सहज करत नाही. कुठं कुठं नुसतं डोकं आणि खूर सापडतात: कातडं त्यांच्यासकट ठेवलेलं असतं, मांस बहुधा खाल्लेलं. खुरांची नोंद करायची राहून गेली, की उरलेलं डोकं नुसती ‘सुटी कवटी’ ठरतं आणि सगळा अर्थ हरवतो. फार हळहळ वाटते अशा नोंदी वाचताना.

आणि हे सगळं परक्या मुलखातलंच नाही. नागपूरजवळ माहुरझरीच्या शिळावर्तुळांत, म्हणजे दगडांच्या गोल रिंगणातल्या प्राचीन थडग्यांत, घोड्याच्या हाडांबरोबर लोखंडी लगाम आणि तांब्याचे शिरोभूषणांचे पत्रे मिळाले.

माती मात्र घात करते. आम्लधर्मी मातीत हाड विरघळतं. सटन हूच्या वाळूत कित्येक माणसांचा नुसता काळसर डाग उरला. आपल्याकडच्या जांभ्याच्या मातीतही हाड टिकणं अवघड. काळी माती हाड राखते, पण उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा मणी खालच्या थरात जाऊन पडतो.

दाताच्या वरच्या कठीण, चकचकीत थरातलं स्ट्रॉन्शियम हे धातुतत्त्व घोडा कुठल्या खडकावर चरत वाढला ते सांगतं. बेळगावभोवतीचा काळा कातळ आणि गोकाकच्या धबधब्याचा वालुकाश्म यांतल्या स्ट्रॉन्शियमचं मोजमाप वेगळं येतं, म्हणून परगावाहून आणलेला घोडा ओळखता येतो.

विहीर खणताना कुठं हाड लागलं, तर धुवू नका, उन्हात ठेवू नका, ओढून काढू नका. आधी शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि वरची माती तशीच राहू द्या.

आईला नमस्कार.

तुमची,
धाकटी