जालन्याच्या स्टुडिओवाल्या काकांना, चारचौघांत

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या दुकानात येऊन हातात देता आलं असतं. पण मला हे चारचौघांतच म्हणायचं आहे, कारण ज्यांनी मला नाउमेद केलं त्यांनीही ते चारचौघांतच केलं होतं.

गाड्यांचे फोटो नीट काढता यावेत म्हणून मी एका मोठ्या शहरातल्या कार्यशाळेला गेले होते. साठवलेल्या पैशांतून फी भरली, रात्रीच्या रेल्वेनं गेले. तिथल्या सरांनी माझा कॅमेरा हातात घेतला, लेन्सवरचा १८-५५ हा आकडा (कॅमेऱ्याबरोबर मिळणारी साधी लेन्स) वाचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘यावर गाड्या होत नाहीत. आधी लेन्स घ्या.’ मग विचारलं, ‘जालन्याहून आलात? तिकडं कुठल्या गाड्या मिळणार तुम्हाला?’ मुलींनी लहान बाळांचे फोटो शिकावेत, त्याला मागणी आहे, हेही वर सांगितलं. माझी पाळी येईपर्यंत भाड्यानं आणलेली लाल गाडी परत गेली होती.

तिकडं कुठल्या गाड्या! २०१० साली एकाच वेळी दीडशे मर्सिडीज विकत घेऊन ज्या शहरानं देशाला तोंडात बोट घालायला लावलं, ते संभाजीनगर माझ्या घरापासून तासाभरावर आहे. तिथंच शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना २००१ पासून आहे. आणि महागड्याच गाड्या कशाला? आमच्याकडं काळी-पिवळीसुद्धा माणसं दसऱ्याला घासूनपुसून, झेंडूच्या माळा घालून नव्या नवरीसारखी सजवतात. गाडीवर जीव लावायला मराठवाड्याला कुणी शिकवायची गरज नाही. हे मला त्या दिवशी तिथं बोलायचं होतं. घशात अडकून राहिलं ते राहिलंच.

तुमच्याकडं मी पासपोर्टचे फोटो न्यायला आले होते. गळ्यात कॅमेरा बघून तुम्ही विचारलं, ‘काय काढतीस?’ मी सांगितलं. तुम्ही हसला नाहीत. ‘दाखव बरं,’ म्हणालात आणि गिऱ्हाईक थांबलेलं असताना मामांच्या अँबॅसिडरचे माझे सगळे फोटो एकेक करून पाहिलेत. शेवटी म्हणालात, ‘लेकरा, गाडी म्हंजे आरसा. तू आरशाचा फोटो काढायलीस. तवा आधी आरशात काय पडलंय ते बघायचं.’

माझ्या फोटोंत निळ्या दारावर विजेचा खांब, पानटपरी, माझी पिवळी ओढणी, सगळं उमटलेलं होतं. ते मला खुपायचं, पण कशामुळं खुपतं हे कुणी सांगितलं नव्हतं. लेन्सवरही तुमचं उत्तर सरळ होतं: १८ वर, म्हणजे लेन्सला जास्तीत जास्त रुंद दिसतं तिथं, जवळ जाऊन काढलं की गाडीचं नाक फुगतं, म्हणून झूम करून ५५ वर ठेवायचं आणि पाय मागं घ्यायचे. एवढं ऐकायला मला रेल्वेचं तिकीट काढावं लागायला नको होतं.

मग तुम्ही मामांना गाडी घेऊन अंबड रोडला बोलावलंत, मोसंबीच्या बागा सोडून पुढं जिथं मोकळं रान आहे तिथं. स्वतः काळा शर्ट घालून आलात, पांढरा शर्ट दारात दिसेल म्हणून. गाडीची कूस पश्चिमेला केलीत. पुढची चाकं थोडी वळवायला लावलीत, टायर नाही तर चाकाची तबकडी कॅमेऱ्याकडं यावी म्हणून. सूर्य बुडाला तेव्हा मी कॅमेरा बॅगेत ठेवायला निघाले होते. ‘आता तर सुरू व्हायचंय,’ म्हणालात. खरंच, त्या पंधरा-वीस मिनिटांत पश्चिमेचं अख्खं आभाळ एकच मऊ दिवा होतं आणि निळ्या पत्र्यावर उजेडाची एक लांब, अखंड रेघ उमटते.

पण ज्यासाठी हे पत्र लिहिते आहे ती गोष्ट याहून छोटी आहे.

तुमच्याकडं पोलरायझर होता, म्हणजे लेन्सपुढं लावून फिरवला की काचेवरची, रंगावरची चमक कमी-जास्त करणारा फिल्टर. जुना, लग्नांचे फोटो काढायच्या तुमच्या कामातला. तो ७७ मिलिमीटरचा, माझ्या लेन्सचं फिल्टर बसवायचं तोंड ५८ चं. बसेना. दुसरा कुणी ‘बघू पुढच्या वेळी’ म्हणाला असता. तुम्ही माझ्या तिपाईशेजारी, हेडलाइटच्या उंचीला उकिडवे बसलात आणि तो फिल्टर लेन्सपुढं हातानं धरलात. लेन्सला बोट लागू न देता, कारण उजेड कमी झालेला, त्यात पोलरायझर आणखी दीड-दोन स्टॉप, म्हणजे निम्म्याहून जास्त उजेड खातो, शटर सेकंदभर उघडं राहणार. मागचा उजेड काचेवर येऊ नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा वर धरलेला. आणि फिल्टर हळूहळू फिरवत विचारत राहिलात, ‘आता? आता?’

कुठं थांबायचं ते तुम्ही सांगितलं नाहीत. मला सांगायला लावलंत.

फिरवलं की समोरच्या काचेवरचं आभाळ विरघळायचं आणि आतलं मोठं स्टिअरिंग, डॅशबोर्डवरचा गणपती दिसायचा. आणखी फिरवलं की बॉनेटवरची रेघच नाहीशी व्हायची, पत्रा मेल्यासारखा. बंपरच्या क्रोमवर मात्र ढिम्म फरक नाही. धातूची चमक त्याला जुमानत नाही, म्हणालात. काच, दार आणि बॉनेट एकदम साधत नाही, काय राहू द्यायचं ते आपण ठरवायचं. मी म्हणाले, ‘हं, इथं.’ तुम्ही मान हलवलीत आणि शटर मिटेपर्यंत श्वाससुद्धा घेतला नाहीत. अंधार पडेपर्यंत तसेच बसलात. उठताना मामांच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला, ते मी पाहिलं. कॅमेरा मात्र एकदाही माझ्या हातातून घेतला नाहीत. ‘दे इकडं, मी दाखवतो’ हे शब्द मी तुमच्या तोंडून ऐकले नाहीत.

काका, येणारं माणूस लहान होणार नाही अशा बेतानं शिकवणारी माणसं अजून आहेत. आमच्या गल्लीतला मोटार वाइंडिंगवाला पोरांना कॉइल स्वतः गुंडाळू देतो. शाळेतल्या आमच्या बाई चुकलेलं गणित न खोडता शेजारी नवीन मांडायच्या. ही माणसं कार्यशाळा घेत नाहीत, फीसुद्धा घेत नाहीत. त्यांचं नाव कुणी घेत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, चहाचेही मामांना देऊ दिले नाहीत. म्हणून निदान हे लिहू द्या. स्टिअरिंग आणि बॉनेटवरची रेघ दोन्ही आलेला तो फोटो मी १२ बाय १८ मध्ये काढून घेतला आहे. रविवारी मामा घेऊन येतील. उजव्या कोपऱ्यातली सावली मला अजून जड वाटते, तुम्हाला काय वाटतं ते त्यांच्याजवळ सांगून ठेवा. ५८ चा पोलरायझर मी मागवला आहे. आला की दुकानात येते, त्या दिवशी फिरवायचं काम माझं.

काकूंना नमस्कार.

तुमची,
अँबॅसिडरवाल्यांची भाची