अंगणवाडीतच एकेक डोळा झाकून पाहा

महोदय,

अंगणवाडीतल्या मुलाला दोन्ही डोळे उघडे ठेवून तक्ता दाखवला आणि वहीत ‘नजर ठीक’ असा शेरा मारला, तर ती तपासणी झालीच नाही असे समजावे. कोल्हापूर शहरात आणि तालुक्यांत होणाऱ्या बालनेत्र तपासण्यांबद्दल आमचे मुख्य म्हणणे हेच आहे.

एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा बराच जास्त असला किंवा एक डोळा थोडा जरी तिरळा असला, तर मेंदू त्या डोळ्याकडून येणारे चित्र घेणे हळूहळू सोडून देतो. हाच आळशी डोळा. मूल तक्रार करत नाही, कारण दुसऱ्या डोळ्याने त्याचे सगळे भागते. सात वर्षांच्या आत उपचार झाले तर नजर बरीच सुधारते. पुढे प्रयत्न करता येतात, पण हाती कमी लागते. आपल्या जिल्ह्यात सैन्यभरतीची तयारी करणारी पोरे पुष्कळ. धावण्यात पहिला आलेला मुलगा वैद्यकीय तपासणीत एका डोळ्यावर बाद होतो, तेव्हा घरच्यांना पहिल्यांदा कळते. त्या वयात चष्म्याने ती नजर येत नाही.

तपासणीला फार काही लागत नाही. सफरचंद, घर, गोल आणि चौकोन अशा चिन्हांचा, तीन मीटरवरून वाचायचा तक्ता घ्यावा. अंगणवाडीच्या एका खोलीत सहा मीटर मिळतच नाहीत. इथेच मोठी चूक होते: सहा मीटरचा तक्ता तीन मीटरवर टांगला जातो. त्यावरची ६/१२ ची ओळ (निरोगी डोळा जी बारा मीटरवरून वाचतो आणि या मुलाने सहा मीटरवरून वाचायची ती) मुलाने तीन मीटरवरून वाचली, तर त्याची खरी नजर ६/२४ इतकीच सिद्ध होते आणि दोष असलेले मूल पास होऊन घरी जाते. अंतर टेपने मोजून खडूची रेघ मारावी, खुर्चीचे मागचे पाय रेघेवर ठेवावेत आणि तक्ता मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावा. राधानगरी-गगनबावड्याकडे पावसाळ्यात भरदुपारी खोलीत अंधार असतो. तिथे तक्त्यावर दिवा पाडावा, नाहीतर तपासणी उघडिपीच्या दिवशी ठेवावी.

डोळा मुलाच्या हाताने झाकू नये. ते बोटांच्या फटीतून पाहते, तळवा दाबला गेला तर तो डोळा नंतर काही वेळ धूसर पाहतो. दवाखान्यात वापरतात ती पाच सेंटीमीटर रुंद कागदी चिकटपट्टी हे काम चोख करते. एक डोळा झाकल्यावर मूल शांत आणि दुसरा झाकताच रडायला लागले, पट्टी ओढू लागले, तर त्याला हट्टी म्हणू नका. उघडा राहिलेला डोळाच कमजोर असण्याची शक्यता मोठी. चिन्हांची नावे मुलाने काहीही सांगावीत, चौकोनाला खोका म्हटले तरी चालते. लाजरे असेल तर मांडीवर चार चिन्हांचे कार्ड द्यावे, त्यावर ते बोट ठेवते. सुटे चिन्ह दाखवू नये, आळशी डोळा सुटे चिन्ह ओळखतो आणि ओळीत अडखळतो. पाच चिन्हांपैकी तीन बरोबर आली तर ओळ वाचली असे धरावे. तीन वर्षे पूर्ण झाल्यावर ६/१५, चार पूर्ण झाल्यावर ६/१२ आणि पाच पूर्ण झाल्यावर ६/९ ही ओळ प्रत्येक डोळ्याने स्वतंत्र वाचायला हवी. दोन डोळ्यांत दोन ओळींचा फरक असला तर दोन्ही पास असूनही पुढे नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे. दोनदा प्रयत्न करून चाचणी न देणारे मूलही पाठवावेच. बाहुलीत पांढरी झाक दिसली तर तक्ता बाजूला ठेवून लगेच नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे. तिथे मोतीबिंदू किंवा डोळ्याचा कर्करोगही असू शकतो.

शिबिरांत हल्ली कॅमेऱ्यासारखे हातातले यंत्र दिसते. मंद उजेडात, साधारण एक मीटरवरून ते काही सेकंदांत नंबराचा आणि तिरळेपणाचा अंदाज देते. तक्ता न वाचणाऱ्या एक-दोन वर्षांच्या मुलांसाठी ते उत्तम. पण ते नजर मोजत नाही आणि त्याच्या आकड्यावर चष्मा करून देणे चूकच. लहान मुलाचे डोळे जवळचे पाहण्यासाठी सतत ताण घेतात, त्यामुळे औषध न घालता काढलेला नंबर फसवा येतो. त्यासाठी थेंब किंवा तीन दिवस अॅट्रोपिनचे मलम घालतात. मलमानंतर आठ-पंधरा दिवस जवळचे धूसर दिसते, उन्हाचा त्रास होतो. हे आधी सांगितले नाही, तर ‘डॉक्टरांनी डोळे बिघडवले’ म्हणून पालक परत फिरकत नाहीत. ताप आला, चेहरा लाल झाला तर मलम थांबवून डॉक्टरांना कळवावे.

उपचारात पहिल्यांदा चष्मा, तोही दिवसभर. काही आठवड्यांनी गरज पडली तर पट्टी: दोषानुसार रोज दोन ते सहा तास, आणि चांगल्या डोळ्यावर. काही घरांत ती कमजोर डोळ्यावर लावतात आणि महिने वाया जातात. पट्टी त्वचेवरच चिकटवावी, चष्म्याच्या काचेवर लावली की मूल कडेने पाहते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून आहेत आणि त्यांनी अंगणवाडीत वर्षातून दोनदा जायचे असते. पण त्यांच्यापुढे वजन, दात, हृदय, सगळेच असते. तक्त्याचे काम अंगणवाडी सेविकेने आधी करून ठेवावे, मूल तिला ओळखते. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाने प्रत्येक अंगणवाडीला एक तक्ता, मोजपट्टी आणि चिकटपट्टीचे रीळ द्यावे आणि नोंदवहीत उजवा व डावा असे दोन रकाने आखावेत. सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या नेत्रविभागात अशा मुलांसाठी आठवड्यातला एक वार ठरवला तर सेविकेलाही ‘अमुक वारी जा’ असे सांगता येईल. राजारामपुरी, ताराबाई पार्कातल्या खासगी नर्सऱ्यांत ही पथके जात नाहीत. तिथे संस्थाचालकांनी स्वतः सोय करावी.

आणि ऊसतोड मजुरांची मुले. हंगामात ती गावच्या अंगणवाडीच्या पटावर असतात आणि प्रत्यक्षात आपल्या साखर कारखान्यांच्या तळावरच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत. त्यामुळे दोन्हीकडच्या तपासणीतून सुटतात. कारखान्यांनी डिसेंबरात तळावरच तक्ता लावावा आणि दोन्ही डोळ्यांचे आकडे लिहिलेले कार्ड आईच्या हाती द्यावे, म्हणजे गावी परतल्यावर तिथल्या दवाखान्यात पुढचे उपचार सुरू करता येतील.

– लहान मुलांची नेत्रतपासणी करणारे काही ऑप्टोमेट्रिस्ट, कोल्हापूर