‘जाऊ दे’ म्हणू नकोस

नाशिक,
7 ऑगस्ट 2024

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, “जाऊ दे ना बाबा, कोण त्यांच्या मागे लागणार?” मला रात्रभर झोप लागली नाही. फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

तुझ्या एचआरचं म्हणणं असं की नोटीस 90 दिवसांची होती, तू 60 दिवसच भरलेस, म्हणून नोकरी सोडताना इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल मिळणारी ग्रॅच्युइटी अडवली. वर ‘माझा कोणताही दावा उरलेला नाही’ असा कागद सहीला पाठवलाय. त्यावर सही करू नकोस. राहिलेल्या 30 दिवसांचे पैसे करारात असतील तर ते वेगळे मागू देत, त्याचा हिशेब वेगळा होईल. ग्रॅच्युइटीला त्यासाठी हात लावता येत नाही. 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्याच्या कलम 4(6) मध्ये ती कधी कापता येते ते लिहिलं आहे. कामगाराच्या हातून मालमत्तेचं नुकसान झालं, त्याने दंगा-मारहाण केली किंवा नोकरीत असताना नैतिक अधःपतनाचा गुन्हा केला आणि त्यापायी त्याला कामावरून काढलं, तरच. तू स्वतः राजीनामा दिलास. तुझं यातलं काय आहे?

आता हिशेब. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता भागिले 26, गुणिले 15, गुणिले नोकरीची वर्षं. तुझा बेसिक 39,000. म्हणजे वर्षाला 22,500, सहा वर्षांचे 1,35,000. तुझ्या ऑफर लेटरमध्ये सीटीसीत, म्हणजे कंपनी तुझ्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चात, ग्रॅच्युइटी म्हणून बेसिकच्या 4.81 टक्के दाखवलेत ना? ते याच सूत्रातून आलेत. दर वर्षी तुझा पगार म्हणून जो आकडा दाखवला, तो द्यायची वेळ आली की मेहेरबानी कसा होतो?

माझं तुला अर्धवटच माहीत आहे, तू तेव्हा शाळेत होतीस. 1986 साली अंबडच्या एका कारखान्यात मी हंगामी म्हणून लागलो. नऊ वर्षं मधूनमधून ब्रेक देत ठेवलं. ब्रेक नुसता कागदावर, मशीनवर मीच. 1995 ला पर्मनंट झालो, 2009 ला आमचा विभागच बंद झाला. ऑफिसात बोलावून व्हाउचर पुढे केलं: 14 वर्षांचे 84,000, ‘संपूर्ण व अंतिम’. माझा पगार तेव्हा 10,400 होता, वर्षाला 6,000 बसत होते. खरी वर्षं 23, म्हणजे 1,38,000. मी न वाचता सही केली. घरी येऊन आईसमोर आकडेमोड केली तेव्हा कळलं की 54,000 तिथेच राहिले. त्या सहीची लाज मी फार दिवस बाळगली.

युनियनच्या वकिलांनी समजावलं की सहीने हक्क बुडत नाही. हा कायदा कुठल्याही कराराच्या वर आहे, कलम 14. आपल्याकडे ग्रॅच्युइटीचा वाद कामगार न्यायालयात चालतो. पण तिथे नऊ वर्षं सिद्ध करायची होती. तुझी आई कालनिर्णयच्या पानामागे दूध, गॅस आणि माझ्या शिफ्ट लिहायची, पगार झाला ती तारीख लिहायची, आणि जुनी कॅलेंडरं टाकायची नाही. त्यावरून कुठल्या महिन्यात कामावर होतो ते जुळवलं, मग पीएफच्या स्लिपा आणि ईएसआयचं कार्ड शोधलं. उलटतपासणीत त्यांच्या वकिलाने ते व्हाउचर माझ्यापुढे धरलं, “ही सही तुमचीच ना?” मी म्हणालो, “हो. आणि ती नऊ वर्षंही माझीच.”

2013 ला निकाल लागला. 54,000 आणि दहा टक्के सरळ व्याजाचे सुमारे 21 हजार. त्यांनी अपील केलं, पण मालकाला अपील करायचं तर ग्रॅच्युइटीची रक्कम आधी भरावी लागते. वर्षभरात अपील फेटाळलं. त्या पैशांतून तुझी अकरावीची फी भरली, हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

माझ्या शेजारच्या लेथवर एक मित्र होता. त्याची अकरा वर्षं अशीच हिशेबातून गेली. तोही म्हणाला होता, जाऊ दे. तो वारल्यावर वहिनी माझ्याकडे आल्या, पण घर गळत होतं, पेटीतले कागद पावसात लगदा झाले होते. एक स्लिप वाचता आली नाही. मला ते अजून डाचतं.

2013 सालीच सुप्रीम कोर्टाने झारखंडच्या एका सरकारी कर्मचाऱ्याच्या खटल्यात सांगितलं की पेन्शन-ग्रॅच्युइटी ही बक्षिसी नाही, कष्टाने कमावलेली मालमत्ता आहे. कायद्याच्या आधाराशिवाय ती काढून घेता येत नाही. तो निकाल मी वर्तमानपत्रात दोनदा वाचला होता.

तर आधी कंपनीला नमुना आय, म्हणजे ग्रॅच्युइटी मागायचा फॉर्म, भरून अर्ज दे. मेलने पाठव आणि रजिस्टर पोस्टानेही, पोचपावती जपून ठेव. खरं तर तू अर्ज केला नाहीस तरी हिशेब करून पैसे देणं त्यांचंच काम आहे, पण आपला कागद असावा. तू 2 ऑगस्टला सुटलीस, 1 सप्टेंबरपर्यंत त्यांना मुदत आहे, त्यानंतर व्याज चढतं. नाही म्हणाले तर ते लेखी माग, आणि मग नमुना एन, म्हणजे दाद मागायचा फॉर्म, घेऊन कामगार न्यायालयात. त्याला 90 दिवस असतात, रेंगाळू नकोस. पगाराच्या स्लिपा, नेमणूकपत्र, राजीनाम्याचा मेल, सगळं कंपनीचं लॉगिन बंद व्हायच्या आत उतरवून घे. हे पत्र मिळेपर्यंत बंद झालं असेल तर बँकेचं पासबुक आणि पीएफचं खातं आहेच.

राखीला येशील तेव्हा दोघं बसून अर्ज भरू. तुझी रुजू झाल्याची तारीख आईने 2018 च्या जूनच्या पानावर लिहिली आहे, 11 तारखेला, ‘सोनू कामावर’. ते पान मी काढून ठेवलंय.

तुझे,
बाबा