‘कॉट बेसिस’लाही नियम हवेत

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सदाशिव पेठेतील आमच्या इमारतीत दोन खोल्यांच्या एका सदनिकेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी नऊ मुले ‘कॉट बेसिस’वर, म्हणजे खोलीऐवजी एकेका खाटेचे भाडे देऊन, राहतात, संडास एकच, आणि विजेच्या एका बोर्डावर पाच-सहा चार्जर लटकलेले असतात. तक्रार मुलांविषयी मुळीच नाही. मेसचा एक डबा दोघांत वाटून खाताना मी त्यांना पाहिले आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी करून त्याची नोंदणी करणे ही घरमालकाची जबाबदारी असताना, येथे कॉटचे पैसे साध्या पावतीविना घेतले जातात. दिल्लीत जुलै २०२४ मध्ये तळघरातील अभ्यासिकेत पाणी शिरून तीन विद्यार्थ्यांचा जीव गेला, तशा दुर्घटनेची वाट आपण पाहणार आहोत का? निवासी भागातून विद्यार्थ्यांना हुसकावणारी बंदी नको. मात्र एका सदनिकेत किती जणांनी राहावे याची मर्यादा महापालिकेने ठरवावी, अशा घरांची नोंद ठेवून वीजजोडणी व अग्निसुरक्षेची तपासणी करावी, आणि दोष आढळल्यास ऐन परीक्षेच्या तोंडावर मुलांना बाहेर न काढता मालकाला दुरुस्तीसाठी मुदत देऊन दंड त्याच्याकडूनच वसूल करावा.

आपला नम्र,
एक रहिवासी, सदाशिव पेठ, पुणे